वंध्यत्व असलेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन आणि रक्तातली चरबी

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं मुख्य हार्मोन, ते अंडकोषातल्या लेडिग पेशी कोलेस्टेरॉलपासूनच बनवतात, आणि किती बनवायचं हे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हार्मोन सोडून ठरवते. म्हणून तूप-लोणी जास्त खाल्लं की टेस्टोस्टेरॉन वाढतं असं मात्र अजिबात नाही, उलट पोट सुटलं की चरबीतलं अ‍ॅरोमटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकतं आणि पिट्युटरीचा हुकूमही मंदावतो. त्यामुळं ज्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी त्यांचे ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातल्या चरबीचा एक प्रकार बऱ्याचदा वाढलेले आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी दिसतं.

अर्थात वंध्यत्व असलेल्या प्रत्येकाचं टेस्टोस्टेरॉन कमी नसतं, शुक्राणूंची वाट बंद असली तर हार्मोन एकदम नॉर्मल येऊ शकतात.

मराठवाड्यात लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली आणि लेकरू होईना म्हणलं की आधी सुनेलाच दवाखान्यात नेतात, खरं तर जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं, आणि वीर्यतपासणी सोपी अन् स्वस्त असते, ती पहिल्यांदाच करायला पाहिजे.

टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं, म्हणून रक्त उपाशीपोटी दहाच्या आत द्यायचं, कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत. खेड्यातून एसटीनं तालुक्याला पोचेपर्यंत बारा वाजतात, स्टँडवर चहा-भजी झालेली असतात, मग टेस्टोस्टेरॉन खोटं कमी आणि ट्रायग्लिसराइड खोटे जास्त येतात, त्यामुळं मुक्काम करावा लागला तरी चालेल. साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर कमी धरतात, ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅमच्या आत आणि एचडीएल ४० च्या वर पाहिजे.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे रिपोर्ट कमी आला म्हणून किंवा जिममधल्या कुणी सांगितलं म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणं. बाहेरून हार्मोन आलं की पिट्युटरी एलएच आणि शुक्राणू बनवायला लागणारं एफएसएच हार्मोन सोडणं थांबवते, अंडकोषातलं काम बंद पडतं, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात, जिममधल्या स्टेरॉइडनं एचडीएलही खाली जातं. मूल पाहिजे असणाऱ्याला डॉक्टर गरजेप्रमाणं क्लोमिफेन किंवा एचसीजी ही अंडकोषाकडूनच टेस्टोस्टेरॉन बनवून घेणारी औषधं देतात. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही सुधारतात, पण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून वीर्याची पुढची तपासणी साधारण तीन महिन्यांनी.