मनातले चित्र : एका वादाची पार्श्वभूमी

आपण मनात एखादी गोष्ट ‘पाहतो’, तेव्हा तिथे चित्रासारखे काही असते की विधानांसारखे, हा तो वाद. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये वर्तनवाद, म्हणजे मानसशास्त्राने फक्त बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासावे हा विचार, मांडला आणि मनातल्या प्रतिमांविषयी बोलणे अमेरिकी मानसशास्त्रात जवळजवळ वर्ज्य झाले. जे बाहेरून मोजता येत नाही, ते विज्ञान नव्हे, असा तो दंडक! मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांचा १९७१ चा प्रयोग गाजला तो याचमुळे. त्यांनी मोजूनच दाखवले. ठोकळ्यांच्या दोन आकृत्या पाहून, एक दुसरीचीच फिरवलेली आहे का, एवढेच सांगायचे होते. दोहोंमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त. जणू लोक ती आकृती सेकंदाला सुमारे ६० अंश या वेगाने मनात फिरवत होते.

स्टीफन कॉसलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा लोकांकडून पाठ करून घेतला. त्यात झोपडी, विहीर, तळे अशी सात ठिकाणे होती. मनातल्या नकाशावर एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचा वेळही अंतराबरोबर वाढला. म्हणजे प्रतिमा चित्रासारखीच असते, असे कॉसलिन म्हणू लागले.

याच विषयाचे दुसरे अभ्यासक झेनॉन पिलिशिन यांना हे मान्य नव्हते. मनात चित्र असेल तर ते पाहतो कोण? त्यांच्या मते मनात साठते ते ‘अमुक तमुकच्या जवळ आहे’ अशा विधानांसारखे ज्ञान. दूर जायला वेळ लागतो हे लोकांना ठाऊक असते, म्हणून कल्पनेतही ते तेवढा वेळ घेतात. एका ठिकाणचा दिवा विझून त्याच क्षणी दुसरीकडचा लागला, अशी कल्पना त्यांनी लोकांना करायला सांगताच अंतराचा परिणाम दिसेनासा झाला. या साऱ्या वादातला सर्वांत भेदक मुद्दा मला हाच वाटतो.

१९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन अँडरसन यांनी तर दोन्ही बाजूंची अडचण उघड केली. मनात साठलेले वापरण्याच्या योग्य प्रक्रियेची जोड दिली, तर चित्र आणि विधान दोन्हींतून तेच वर्तन निघू शकते. मग नुसत्या वेळेच्या मोजमापावरून निवाडा कसा करणार?

साहजिकच वाद मेंदूकडे वळला. डोळे मिटून लहान-मोठ्या वस्तू कल्पिताना प्राथमिक दृष्टिक्षेत्रातली (डोळ्यांकडची माहिती मेंदूच्या बाह्यपटलात जिथे प्रथम पोहोचते आणि नकाशासारखी मांडली जाते, त्या भागातली) सक्रियता आकारानुसार जागा बदलते, असे कॉसलिन यांच्या गटाला १९९५ मध्ये आढळले. उलट, हे क्षेत्र निकामी होऊन अंधत्व आलेल्या काही रुग्णांची कल्पनाशक्ती शाबूत असल्याच्याही नोंदी आहेत. पिलिशिन यांचा आक्षेप तर त्याहून मूलभूत होता : मेंदूत नकाशासारखी मांडणी आहे, एवढ्यावरून विचार करताना मन तीच वापरते हे ठरत नाही.