ग्लायोब्लास्टोमा या नावाची फेरमांडणी : पार्श्वभूमी

मेंदूच्या गाठींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती २०२१ साली प्रसिद्ध झाली आणि ‘ग्लायोब्लास्टोमा’ (मेंदूची अत्यंत आक्रमक कर्करोगी गाठ) हे नाव प्रौढांमधील केवळ आयडीएच-वाइल्डटाइप, म्हणजे आयडीएच जनुकात बदल नसलेल्या, गाठींपुरते राखले गेले. तोवर याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, परंतु आयडीएच जनुकात बदल झालेल्या गाठी आता ‘ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट, ग्रेड ४’ म्हणून नोंदवल्या जातात; ग्रेड म्हणजे गाठीच्या आक्रमकतेची श्रेणी, ४ ही सर्वांत वरची. रुग्णाला किती काळाची आशा दाखवायची आणि कोणत्या औषधाच्या चाचणीत त्याला घेता येईल, हे या नावावर ठरत असल्याने हा बदल कसा घडला हे नीट समजून घेतले पाहिजे.

१९२६ साली अमेरिकेत मांडलेल्या वर्गीकरणाचा आधार गाठीतील पेशी कोणत्या मूळ पेशींसारख्या दिसतात, हा होता. पुढील अनेक दशके निदान सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरच होत राहिले. १९४० साली एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले गेले, ते असे की काही ग्लायोब्लास्टोमा अचानक उद्भवतात, तर काही आधीपासून असलेल्या संथ गाठीतून वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही सारख्याच दिसत असल्याने हा भेद रुग्णाच्या पूर्वेतिहासावर विसंबून राहिला.

त्याला जनुकीय आधार मिळाला तो २००८ साली. त्या वर्षी २२ ग्लायोब्लास्टोमांच्या जनुकांचे वाचन करताना, पूर्वी या आजाराशी कोणी जोडलेच नव्हते अशा आयडीएच१ या (आयडीएच जनुकांपैकी एका) जनुकात वारंवार एकाच जागी बदल आढळला. अधिक नमुने तपासल्यावर त्याचे प्रमाण सुमारे १२ टक्के भरले. २००९ मध्ये स्पष्ट झाले की संथ गाठींतून वाढलेल्या ग्लायोब्लास्टोमांत हा बदल बहुतेक वेळा असतो, अचानक उद्भवणाऱ्यांत क्वचितच असतो. त्याच अभ्यासात बदल असलेल्या रुग्णांचा मध्यक जगण्याचा काळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो) ३१ महिने, तर बदल नसलेल्यांचा १५ महिने होता. एकाच नावाखाली दोन वेगळे आजार नांदत होते, हे यानंतर नाकारणे कठीण झाले.

२०१० साली जनुकांच्या अभिव्यक्तीवरून, म्हणजे कोणती जनुके किती सक्रिय आहेत यावरून, ग्लायोब्लास्टोमाचे प्रोन्यूरल, न्यूरल, क्लासिकल आणि मेसेन्कायमल असे चार उपप्रकार सुचवले गेले आणि त्यांची चर्चा फार झाली. २०१४ मध्ये एकेका पेशीचे वाचन शक्य होताच एकाच गाठीत अनेक उपप्रकारांच्या पेशी एकत्र आढळल्या. गाठीभोवतीच्या निरोगी मेंदूच्या ऊतींची भेसळ हे ‘न्यूरल’ प्रकाराचे कारण असल्याचे २०१७ मध्ये दिसून आले आणि तो वगळण्यात आला. संशोधनाला या उपप्रकारांनी दिशा दिली. रोजच्या निदानात मात्र त्यांना स्थान मिळाले नाही.

‘वाइल्डटाइप’ या शब्दाचाही खुलासा आवश्यक आहे, कारण अहवाल हाती पडल्यावर अनेक नातेवाईक त्याचा अर्थ ‘हिंस्र प्रकार’ असा घेतात. आनुवंशिकीच्या परिभाषेत वाइल्डटाइप म्हणजे निसर्गात सर्वसाधारणपणे आढळणारे, न बदललेले रूप. येथे न बदललेले आहे ते केवळ आयडीएच जनुक. त्या गाठीत इतर जनुकांचे बदल भरपूर असतात, आणि दोहोंपैकी अधिक आक्रमक गाठ हीच असते. शब्दाचा अर्थ चुकीचा लावूनही निष्कर्ष योगायोगाने बरोबर येतो, त्यामुळे हा गैरसमज सहसा दुरुस्त होत नाही.

खरा वाद दुसऱ्याच निर्णयावरून झाला. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रेड २ किंवा ३ ची दिसणारी, ज्यात पेशींचा मृत्यू झालेले भाग किंवा रक्तवाहिन्यांची अतिवाढ नाही अशी आयडीएच-वाइल्डटाइप गाठही ग्लायोब्लास्टोमाच मानावी, असे २०१८ साली सुचवले गेले. त्यासाठी तीनपैकी एक खूण पुरेशी ठरवली : ईजीएफआर जनुकाच्या प्रतींची मोठी वाढ, सातव्या गुणसूत्राची वाढ व दहाव्याची हानी एकत्र असणे, किंवा टर्ट जनुकाच्या प्रवर्तक (जनुकाचे काम सुरू करणाऱ्या) भागातील बदल. अशा रुग्णांची वाटचाल ग्लायोब्लास्टोमासारखीच होते, हे त्यामागील कारण होते आणि पहिल्या दोन खुणांबाबत ते पटण्यासारखे आहे. तिसरीबाबत शंका रास्त आहे. टर्टमधील बदल ऑलिगोडेंड्रोग्लायोमासारख्या तुलनेने संथ गाठींतही नियमित सापडतो. शिवाय ग्रेड २ सारखी दिसणारी आणि केवळ हीच एक खूण असलेली गाठ अनेक रुग्णांत अपेक्षेपेक्षा संथ वाटचाल करते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. तरीही २०२१ च्या आवृत्तीत तिन्ही खुणा समान वजनाने आल्या. एका खुणेच्या बळावर ग्रेड २ वरून थेट ग्रेड ४ वर नेण्याआधी अधिक काळ थांबायला हवे होते, असे वाटते.

या फेरमांडणीमुळे जुने आकडेही जपून वाचावे लागतात. २००५ मध्ये ५७३ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या कर्करोगविरोधी औषधाची जोड दिल्यावर मध्यक जगण्याचा काळ १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेला आणि तीच उपचारपद्धती रूढ झाली; पण आयडीएचचा शोधच तेव्हा लागलेला नसल्याने आज दुसऱ्या नावाखाली जाणाऱ्या गाठी वगळण्याची सोय त्या चाचणीत नव्हती. आयडीएच१ मधील सर्वाधिक आढळणारा बदल आज प्रतिपिंडाच्या साध्या रंगचाचणीने ओळखता येतो, पण दुर्मीळ बदल तिच्यातून निसटतात. म्हणून तरुण रुग्णात ही चाचणी नकारात्मक आली तर जनुकवाचन करावे लागते. आवश्यक तपासण्या झालेल्याच नसतील, तर निदानापुढे ‘एनओएस’ (अधिक तपशील निश्चित नाही) अशी जोड लिहिली जाते.