मूल दिवसभर कोणाजवळ? ठाणे आणि नवी मुंबईतील घरांची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्या घरात पाच वर्षांच्या आतले मूल आहे, त्या घरातील बहुतेक निर्णय एका प्रश्नाभोवती फिरतात: आईवडील कामावर असताना मूल कोणाजवळ राहणार? भाड्याचे घर कोणत्या सेक्टरमध्ये घ्यायचे, आजीला गावाहून किती महिन्यांसाठी बोलवायचे, आईने बढती स्वीकारायची की नाही, दुसरे मूल होऊ द्यायचे की नाही, हे सारे त्यावरच ठरते. या ओढाताणीचे कारण विचारले की ‘एकत्र कुटुंबे मोडली’ असे एक ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे, आणि या परिसरापुरते बोलायचे तर काहीसे चुकीचेही आहे. ज्यांच्या पिढ्या नोकरीसाठी मुंबईकडे आल्या, त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत लहान मूल, आई आणि वडील वर्षभर एकाच छपराखाली राहणे हीच मुळात नवी गोष्ट आहे.

गिरण्यांच्या काळात कोकणातून आणि घाटावरून आलेला पुरुष मुंबईत एकटा राहत असे. एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत, जेवण खानावळीत होई, आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर जाई. बायको, मुले आणि म्हातारे आईवडील संगमेश्वर, राजापूर किंवा पाटणकडच्या एखाद्या वाडीत असत. वडील शिमग्याला आणि गणपतीला यायचे. दोन-तीन वर्षांचे मूल ट्रंक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ओळखायचे नाही, आजीच्या पदराआड लपायचे, आणि त्याची भीड चेपेपर्यंत चाकरमान्याची रजा संपत आलेली असायची. मूल अनेक हातांत वाढत होते हे खरे, पण त्या हातांत बापाचा हात क्वचितच असे. आईसुद्धा भातलावणीच्या दिवसांत पहाटेपासून शेतात असे, आणि तान्ह्याला सांभाळणारी बहुधा त्याची सात-आठ वर्षांची बहीण असे. त्या बहिणीची शाळा बुडत होती, हे एकत्र कुटुंबाच्या गोड आठवणींत सहसा येत नाही.

त्या काळात मुलाविषयीची मुख्य चिंता ते कोणाजवळ राहील ही नव्हती, तर ते जगेल का ही होती. पाठोपाठ मुले गेली की पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा भिकू ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, अशी रीत महाराष्ट्रभर होती. पाचवीला सटवाईची पूजा करून पाटा-वरवंटा मांडायचा आणि रात्रभर जागायचे, यामागेही तीच धास्ती असावी असे मला वाटते. निर्जंतुक न केलेल्या विळ्याने नाळ कापली की होणारा धनुर्वात नवजात बाळाला जन्मानंतरच्या साधारण पहिल्या आठवड्यातच गाठतो, आणि बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते डोळ्यांनी पाहिले होते. नमुना नोंदणीच्या, म्हणजे निवडक भागांतील जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदींच्या, आकडेवारीनुसार १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत असत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात तो १६ होता. दवाखान्यातील बाळंतपण, गरोदरपणात आईला दिली जाणारी धनुर्वाताची लस, १९८५ पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आणि १९९५ पासूनचे पोलिओचे रविवार यांचा त्यात मोठा वाटा आहे. नवजात बालकांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले. ठाण्यातल्या जुन्या घरांत अजूनही ‘वाडियाला न्यायला सांगितलं’ या तीन शब्दांत एखाद्या आजारपणाचे सारे गांभीर्य सांगितले जाते. परळचे ते मुलांचे रुग्णालय १९२९ पासूनचे आहे, आणि तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन लोकलने परळ गाठणाऱ्या आईवडिलांच्या कित्येक पिढ्या या शहराने पाहिल्या आहेत.

स्थलांतरितांच्या आधीपासून इथे राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. खाडीच्या दोन्ही काठांवर आगरी आणि कोळी गावे होती. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर ती चालत. तान्ह्याची झोळी बांधाजवळच्या झाडाला बांधून आई कामाला लागे आणि मधल्या वेळी येऊन त्याला पाजून जाई. कामाची जागा आणि मुलाची जागा यांत हाकेचे अंतर होते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. या इतिहासात जमिनीच्या भावाची चर्चा भरपूर होते. घणसोली, कोपरखैरणे किंवा सानपाड्याच्या गावठाणातील मुलांचे अंगण, शेत आणि खाडी दोन दशकांत नाहीशी झाली, या नुकसानीचा हिशेब मात्र कुठल्याच मोबदल्यात धरला गेला नाही.

ठाण्याकडे कुटुंबे वळली ती कारखान्यांमुळे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि वागळे इस्टेट, पुढे खाडीपलीकडचा ठाणे–बेलापूर पट्टा यांत रोजगार उभा राहिला. मुंबईत खोली परवडत नव्हती, इथे परवडत होती. वर्तकनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर, कळवा अशा वस्त्यांत चाकरमान्यांनी प्रथमच बायको-मुलांना आणून संसार मांडला. बाप रोज रात्री घरी येऊ लागला, मुलाला कडेवर घेऊन तलावपाळीवर नेऊ लागला. ही फार मोठी कमाई होती, आणि कुटुंबव्यवस्थेच्या ऱ्हासाबद्दल बोलताना ती मोजली जात नाही, याचे मला वाईट वाटते. आजी मात्र गावीच राहिली. मग तिचे येणे-जाणे सुरू झाले: बाळंतपणाला चार महिने इकडे, पावसाच्या आधी शेतीसाठी परत, दिवाळीनंतर पुन्हा इकडे. आपल्या दोन मुलांच्या दोन घरांत आणि गावच्या तिसऱ्या घरात वाटली गेलेली ही आजी या शहरांच्या उभारणीतील बिनपगारी कष्टकरी आहे.

याच काळात शाळा, बँका, टेलिफोन खाते, मंत्रालय आणि महापालिकांच्या कचेऱ्यांमधून स्त्रियांच्या नोकऱ्या वाढत गेल्या. १९९२ मध्ये पश्चिम आणि मध्य रेल्वेवर केवळ महिलांसाठी लोकल सुरू झाल्या, त्या याच वाढीमुळे. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी पसरून भाजी निवडणारी बाई म्हणजे कल्पकतेचे उदाहरण, असे कौतुकाने लिहिले जाते. प्रत्यक्षात ती पाऊण तास वाचवत असते, आणि तो वाचवलेला पाऊण तास घरी वाट पाहणाऱ्या मुलाचा असतो.

नवी मुंबईच्या आखणीत हा वेळ वाचवण्याचा विचार होता. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडलेल्या कल्पनेत घरे आणि नोकऱ्या एकमेकांजवळ असणार होत्या, राज्य शासनाचा कारभारही खाडीपलीकडे येणार होता. शाळा, बाजार आणि मोकळी मैदाने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे या शहराच्या प्रत्येक उपनगरात, पायी जाण्याच्या अंतरावर ठेवण्याचा आग्रह होता. बेलापूरला कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत या विचाराचा सर्वांत सुंदर नमुना आहे. तिथे सात-सात घरे एका लहान चौकाभोवती बसवली आहेत. तो चौक साधारण आठ मीटर लांब आणि तितकाच रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा आणखी मोठा चौक होतो. आठ मीटर म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली तर खेळणाऱ्या मुलाला ऐकू जाईल इतके अंतर, आणि रांगणारे मूल रस्त्यावर जाऊ शकणार नाही अशी रचना. लहान मुलांच्या आईचा विचार करून चौक आखला असता तर तो याहून वेगळा झाला नसता.

पण मंत्रालय हलले नाही, मोठ्या कचेऱ्याही बराच काळ हलल्या नाहीत. १९७३ मध्ये खाडीपूल झाला तरी वाशीपर्यंत लोकल यायला १९९२ उजाडले, आणि तोवर वाशीकर बसने पूल ओलांडून नोकरीला जात राहिले. ठाणे आणि नवी मुंबई यांना जोडणारी प्रवासी लोकल तर २००४ मध्ये सुरू झाली. दरम्यान घोडबंदर रस्त्यावर आणि पुढे खारघरमध्ये उंच इमारती उभ्या राहिल्या, घरे मोठी झाली, उजेड वाढला, पण आठ मीटरचा चौक संपला. बाविसाव्या मजल्यावरील तीन वर्षांच्या मुलाला खाली खेळायला नेण्यासाठी एक मोठे माणूस लागते, आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत ते माणूस गाडीत असते.

ही उणीव पाळणाघराने भरून काढली. तळमजल्यावरील एखाद्या फ्लॅटमध्ये, स्वतःची मुले मोठी झालेल्या काकूंनी चार-पाच मुले सांभाळायची, हे त्याचे मूळ रूप. सकाळी मुलासोबत एक पिशवी जाते: नाव लिहिलेली दुधाची बाटली, दोन जोड कपडे, दुपटे, एका डब्यात खिमट, आणि ज्याशिवाय झोप लागत नाही ते जुने मऊ फडके. काकू कोणत्या मुलाला थोपटून झोप येते आणि कोणाला पायावर घेऊन झुलवावे लागते, हे आईइतकेच जाणतात. मुलाने टाकलेले पहिले पाऊल अनेकदा त्यांनीच पाहिलेले असते, आणि काही काकू ते संध्याकाळी आईला सांगत नाहीत. घरी ते पुन्हा ‘पहिल्यांदा’ घडू देतात. इतक्या नाजूक कामाला या राज्यात दीर्घकाळ कसलेच निकष नव्हते. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरमधील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचे कॅमेऱ्याच्या चित्रणातून उघड झाले, तेव्हा कुठे पालक आणि शासन खडबडून जागे झाले. त्यानंतर कॅमेरे सर्वत्र आले; प्रशिक्षण आणि काकूंना मिळणारा मोबदला यांवर मात्र तितके बोलले गेले नाही.

वास्तविक लहान मुलांच्या संगोपनाचे शास्त्र याच जिल्ह्यात घडले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी बालवाडीचे काम केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा देशभर जी अंगणवाडी पोचली, तिच्यामागे या प्रयोगाचा अनुभव होता.

कायद्याची वाटही मुंबई इलाख्यातूनच निघाली. प्रसूतीच्या रजेचा मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ चा. त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात सांगितले होते की आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तिचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे. भार मात्र मालकांवरच राहिला, आणि तरुण स्त्रीला नोकरी देताना आजही जी कुरकुर होते तिचे एक मूळ तिथे आहे. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. बाळाला केवळ आईचे दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात तो काळ, आणि आपल्याकडे उष्टावण होते तोही काळ. पण रजेतील काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्च होतात, त्यामुळे अनेक आया बाळाला पाचवा महिना लागतो न लागतो तोच कामावर रुजू होतात.

गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूदही १९६१ पासून कायद्यात आहे. ती मागताना मात्र स्त्रीचा जीव कासावीस होतो, कारण वरिष्ठांना कारण सांगावे लागते, आणि घरातही ‘पुढच्या वेळी होईल सगळं नीट’ यापलीकडे कोणी बोलत नाही. पूर्वी घरोघरी मुले दगावत, म्हणून ते दुःख निदान सर्वांना ठाऊक होते. आता ते क्वचित येते आणि ज्या जोडप्यावर येते ते बंद दाराआड एकटे पडते.

आनंदाच्या चालीरीती मात्र या सगळ्या स्थित्यंतरांतून टिकल्या आहेत. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई आजही हिरानंदानीच्या टॉवरमध्ये येते. पाय लांब करून नडगीवर बाळाला पालथे घेते, आणि पाण्याचा तांब्या पाठीवर ओतला की रडता रडता ते एकदम गप्प होते. संक्रांतीनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये बोरन्हाण होते. हलव्याचे दागिने घातलेले मूल पाटावर बसते, डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे पडतात, आणि ते वेचायला आजूबाजूची सारी मुले तुटून पडतात. त्यांत मराठी नसलेल्या घरांतलीही असतात. फरक इतकाच की पूर्वी हे सारे बायकांत व्हायचे, आता बाळाला मांडीवर घेऊन बसलेला असतो तो अनेकदा त्याचा बाप.

हे सर्व चालते ते ज्यांच्या आधारावर, त्या घरकाम आणि बाळ सांभाळणाऱ्या मावशी दिघा, कळवा, येऊरच्या पायथ्याच्या किंवा एमआयडीसीच्या कडेच्या वस्त्यांतून येतात. दहाहून कमी माणसे कामाला असलेल्या ठिकाणांना प्रसूती रजेचा कायदा लागू होत नाही, आणि घर तर आस्थापनाच नाही, त्यामुळे त्यांना सव्वीस आठवडे सोडाच, सव्वीस दिवसांचाही हक्क नाही. त्यांचे स्वतःचे मूल तीन वर्षांचे असेल तर सकाळचे काही तास अंगणवाडीत जाते. त्याहून लहान असेल तर शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राहते. बांधकामावरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेशेस’ या संस्थेचे पाळणाघरांचे काम मुंबईत १९७२ पासून सुरू आहे, आणि २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमातील ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पूर्ण दिवसाचे पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली आहे. सकाळी साडेसहाला दिघ्याहून निघून घोडबंदर रस्त्यावरच्या बाळाला न्हाऊ घालायला पोचणाऱ्या बाईला ते पाळणाघर तिच्या वस्तीत आणि तिच्या वेळेला उघडे मिळाले, तर तिच्या थोरल्या मुलीला रोज शाळेत जाता येईल.