काढता येणं वेगळं, पूर्ववत होणं वेगळं: जुन्या ली-एनफिल्डवर काय चढवावं?

जुनी रायफल विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो: "दुर्बिणीचं माउंट नंतर बसवलंय, पण चार स्क्रू सोडवले की निघतं." निघतं, यात वाद नाही. निघाल्यावर खाली काय उरतं, ते मात्र तो सांगत नाही. संग्राहकाच्या हिशेबात काढता येणारी वस्तू आणि पूर्ववत करता येणारा बदल या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

ब्रिटिश ली-एनफिल्ड नंबर ४ घ्या. दुसऱ्या महायुद्धातली, .३०३ ची. तिच्यावर दुर्बीण बसवायचे साधारण दोन मार्ग आहेत. पहिल्यात रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धडाच्या, डाव्या भिंतीत ड्रिल मारून आटे पाडतात आणि माउंट कसतात. दुसऱ्यात नेम धरायचं मागचं साइट, त्याची पिन ठोकून, बाहेर काढतात आणि माउंट तिथे आधीपासून असलेल्याच भोकांच्या आधाराने बसवतात. दोन्ही माउंट स्क्रूड्रायव्हरने दहा मिनिटांत उतरतात. पहिलं उतरवलं की भोकं राहतात. ती वेल्डिंगने बुजवली तर उष्णतेने पोलादाला दिलेलं मूळचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, जातो, वर रंग कितीही जुळवा. दुसऱ्यात साइट, पिन, स्प्रिंग जागेवर परत ठोकली की रायफल होती तशी. अट एकच: ते सुटे भाग हरवता कामा नयेत. आणि इथेच लोक गाफील राहतात. २०० ते १३०० यार्डांच्या खुणा असलेलं घडीव साइट काढून डब्यात टाकतात आणि पुढे कधीतरी त्या जागी ३०० व ६०० यार्डांचं साधं पालटतं साइट लावून देतात. रायफल 'पूर्ण' दिसते, पण मूळची राहत नाही. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, पिशवीवर रायफलीचा नंबर लिहून ठेवावा. रायफल विकताना ती पिशवी सोबत द्यावी.

भोक दिसलं की रायफल बिघडली, असंही नाही. नंबर ४ मार्क १ (टी) ही स्नायपर आवृत्ती. नेमबाजीत सरस ठरलेल्या रायफली निवडून हॉलंड अँड हॉलंडने त्यांच्या डाव्या भिंतीवर दुर्बिणीसाठी बैठका स्क्रू मारून आणि झाळून बसवल्या, दस्त्यावर गालाला लाकडी उंचवटा दिला आणि नंबर ३२ दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर ठोकला. तिथे ही भोकं हाच अस्सलपणा. तेच काम आज कोणी साध्या नंबर ४ वर केलं, तर एक चांगली रायफल गेली आणि एक बनावट स्नायपर बाजारात आली.

दस्त्याचं प्रकरण जास्त फसवं. रायफल अंगाला लांब किंवा आखूड पडते म्हणून लोक दस्ता कापून रबरी पॅड लावतात. याची गरजच नसते, कारण सैन्यासाठीच दस्ते वेगवेगळ्या लांबीचे बनत. लांब दस्त्यावर एल आणि आखूडवर एस ठोकलेलं सापडतं. मापाचा दस्ता शोधावा, मूळचा जपून ठेवावा. पण नंबर १ मार्क ३ वर, म्हणजे ली-एनफिल्डच्याच आधीच्या आवृत्तीवर, ही अदलाबदलही जपून. दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न उतरवता मागून बोल्ट फिरवलात, की तो चौकोन पट्टीला पिळतो आणि लाकूड मागच्या टोकाशी चिरतं. मग 'फक्त दस्ता बदलला' म्हणून काही उपयोग नाही.

एकही स्क्रू न लागणाऱ्या वस्तूसुद्धा निर्दोष नसतात. नाडीने बांधायचं चामडी गालपॅड दस्त्यावर आवळलं तर छिद्र पडत नाही, हे खरं. पण चामडं ओल धरतं. चामडी पट्टा धातूला लागून महिनोन् महिने राहिला, तर त्या रेषेत गंज खातो, आणि खड्डे पडले की ते पुसता येत नाहीत. सुती विणीचा पट्टा, तोही मूळच्याच कड्यांत, हा माझा कौल. चिमट्याने पकडणाऱ्या माउंटखालीही पातळ चामडं नको. आणि 'जरा उजळावं' म्हणून लाकडाला सँडपेपर कदापि लावू नये. ठोकलेले शिक्के गेले ते गेले, जवसाच्या तेलाचा हलका हात पुरे.

हे सगळं ज्या देशांत .३०३ बाळगता येते तिथल्या संग्राहकांसाठी. महाराष्ट्राच्या पोलिसांनी थ्री नॉट थ्री वर्षानुवर्षं खांद्यावर वागवली, तरी भारतात ती निषिद्ध बोअर आहे, म्हणजे सामान्य परवानाधारकाला ठेवता येत नाही. म्हणूनच इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी त्याच घाटाची .३१५ बनवली. आजोबांकडून अशी .३१५ आली असेल, तर दुरुस्ती आणि फेरफार परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात विनापरवाना दुरुस्तीला मुभा नाही, आणि परवान्याशिवाय नळी आखूड करायला तर कलम ६ ने वेगळी मनाई आहे.