कामगार हॉल्ट (कोकण)

कामगार हॉल्ट म्हणजे कारखान्यात पाळीला जाणाऱ्या लोकांसाठी पॅसेंजर गाडी जिथे मिनिटभर थांबायची तो छोटा थांबा. कोकणातली रेल्वे म्हटली की सगळ्यांना गणपती स्पेशल आणि चाकरमानी आठवतात, पण दिवा-पनवेल-रोहा लाईन मुख्यतः आली ती कारखान्यांमुळेच. पनवेलला रूळ 1960च्या दशकात पोचले, रोह्याला 1986 मध्ये, आणि तिथून पुढची कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 ला. रसायनी, नागोठणे, रोह्याजवळचं धाटाव, वीर स्टेशनपासून आत महाड, हा सगळा केमिकलचा पट्टा याच रस्त्यावर लागतो.

हॉल्टला स्टेशन मास्तर नाही, सिग्नल नाही, गाडी बाजूला घ्यायला दुसरी लाईन पण नाही. तिकीट विकायला कमिशनवरचा माणूस, बऱ्याचदा आसपासच्या गावातलाच, तो मोठ्या स्टेशनातून तिकिटं आणून ठेवतो आणि गाडीच्या आधी थोडा वेळ खिडकी उघडतो. फलाट बरेचदा रुळाच्याच लेव्हलला, त्यामुळे चढताना आधी जेवणाचा डबा आत सरकवायचा मग दांडा धरून स्वतः वर यायचं, आणि नाईट करून आलेल्या माणसाला त्या पायऱ्या फार उंच वाटतात.

असा थांबा जगतो तो पाळीच्या टायमावर, बाकी कशावर नाही. सातची फर्स्ट शिफ्ट असेल तर गाडी साडेसहाला यायलाच हवी, सव्वासातला आली तर अर्धा दिवस गेला. सिंगल लाईन होती तेव्हा एक्सप्रेसला वाट द्यायला पॅसेंजरच क्रॉसिंगला अडकवून ठेवायचे, आणि रोह्याच्या पुढे पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं, गाड्या हळू. दोन-चार वेळा लेटमार्क लागला की माणूस कंपनीची बस, सहा सीटर नाहीतर स्वतःची बाईक धरतो, मग तिकीटविक्री घटते, आणि विक्री घटली म्हणून थांबा काढतात. माझ्या मते हा हिशोब चुकीचा आहे, आधी गाडीची वेळ बिघडली आणि माणसं नंतर गेली.

दुसरं कारण म्हणजे कारखानाच बंद होणं. रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही 1960 ला स्थापन झालेली सरकारी कंपनी, तिथले बहुतेक प्लांट बंद करायला केंद्राने 2017 मध्ये मंजुरी दिली. रसायनी स्टेशन टिकलं, पण निव्वळ एका कारखान्याच्या गेटवर जगणारा हॉल्ट असता तर त्याच्याकडे परत कोणी बघितलं नसतं. 2020 च्या लॉकडाऊननंतर नवीन वेळापत्रकं आली तेव्हा देशभरातच कमी विक्रीचे थांबे कापले गेले.

बंद हॉल्टवर राहतं ते थोडंच. गज लावलेली तिकीटखिडकी, खालचा कट्टा पावसात शेवाळाने हिरवा, आजूबाजूला कमरेएवढा टाकळा. आणि पिवळा बोर्ड, त्यावर गावाचं नाव एकदा मराठीत, एकदा हिंदीत, म्हणजे देवनागरीत दोनदा, खाली इंग्रजीत. गाडी आता त्याच्यासमोरून हॉर्न देत निघून जाते.