१ नोव्हेंबर आणि ऋण सोडण्याची भाषा

बेळगावात १ नोव्हेंबरला रस्त्यावर दोन गर्दी असतात. एक लाल-पिवळे झेंडे घेऊन कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत निघते, दुसरी काळ्या फिती लावून मराठी भाषकांच्या निषेध फेरीत. कॅथोलिक पंचांगात हाच दिवस सर्व संतांचा सण, आणि २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. मिस्सेला निघालेल्या कुटुंबाला चर्चच्या दारापर्यंत पोलीस बंदोबस्तातूनच जावे लागते. क्षमा आणि समेट या विषयावर सीमाभागातल्या कोणत्याही मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती उपासक समाजात, बोलायचे झाले, तर ते ही तारीख टाळून बोलता येत नाही.

जखम कशी साचत गेली ते आधी पाहू. राज्य पुनर्रचनेवरून उसळलेल्या आंदोलनात १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. तो दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा (चंदगड तालुका सोडून) मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला: २६४ गावे महाराष्ट्राकडे, २४७ गावे कर्नाटकाकडे, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच. महाराष्ट्राने तो फेटाळला. जून १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला, ९ जण गेले. हिंडलग्याच्या स्मारकाजवळ १ जूनला माणसे जमतात ती त्यांच्यासाठी. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो प्रलंबित आहे. २००५ मध्ये बेळगावच्या महापौरांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये आधी बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेत्यावर शाई फेकली गेली, मग बंगळूरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली, आणि त्यानंतर बेळगावातल्या अनगोळमध्ये कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली.

कन्नड बाजूलाही आठवण आहे, आणि ती खोल आहे. रायण्णांना १८३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिले ते नंदगडला, म्हणजे खानापूर तालुक्यात, जिथे घरोघरी मराठी बोलली जाते. एका भाषकाचे तीर्थ दुसऱ्याच्या गावात आहे. हे ज्याला माहीत नाही त्याने समेटाच्या बैठकीत तोंड उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथला पेच असा की समेटाच्या चर्चेतला ‘माजी शत्रू’ हा शब्द सीमाभागाला बसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर किंवा रवांडात भांडण निदान एका तारखेला थांबले. इथे दावा चालू आहे, पाट्यांवर किती टक्के कन्नड हवे यावरून दर वर्षी ठिणगी पडते, आणि ज्याच्याशी वैर तो त्याच बसने कामाला जातो. दोन्ही घरांत थोरल्या भावाला अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. म्हणून क्षमा ‘सगळे मिटल्यावर’ करायची गोष्ट धरली, तर ती कधीच होणार नाही.

या पट्ट्यातली मंडळी पहिल्यापासून एका भाषेची नव्हती. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले. त्या कामातून शाळा निघाल्या, त्यातलीच एक पुढे बेनन स्मिथ म्हणून नावारूपाला आली. १९०४ मध्ये ते काम मेथडिस्ट मंडळीकडे गेले. कॅथोलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्यापासून वेगळा झाला, म्हणजे राज्यांच्या सीमा हलण्याच्या तीनच वर्षे आधी. त्यात कोकणी, मराठी आणि कन्नड बोलणारे एकाच बिशपच्या छायेत आले. हे वैभव आहे, पण रोजच्या व्यवहारात त्याचा काच होतो. सकाळची उपासना कोणत्या भाषेत, सणाच्या दिवशी कोणते गीत आधी, कार्यकारिणीत कोणाचे किती, यावरून कुरबुर होते. बाहेरच्या भांडणाची तीच नावे आत ऐकू येतात.

आता मूळ शिकवणीकडे. मराठी पवित्र शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड’. शेजारचा कन्नड भाविक त्याच जागी ‘तप्पु’ म्हणतो, म्हणजे चूक, अपराध. मूळ ग्रीक मत्तयात शब्द कर्जाचाच आहे. मराठी शब्दात एक फार उपयोगी गोष्ट दडलेली आहे: जे ऋण खतावणीत लिहिलेलेच नाही ते सोडता येत नाही. आधी आकडा मांडावा लागतो, कोणाचे किती ते दोघांनी वाचावे लागते, मगच धनको त्यावर रेघ मारतो. आपल्याकडे ‘झाले गेले गंगेला मिळाले’ म्हणून भांडण मिटवण्याची रीत आहे. तिच्यात हिशेब उघडतच नाही, म्हणून तीच बाकी पुढच्या पिढीकडे व्याजासह जाते. ख्रिस्ती क्षमा ही गंगार्पण नव्हे.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात हे आकड्यांतच आहे. एका दासाचे राजाकडे १०,००० तालांतांचे देणे माफ होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तेव्हा हे ६ कोटी दिवसांचे कष्ट झाले. तोच दास बाहेर पडून १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. बारकावा असा की १०० दिनारही खोटे नव्हते, तीन महिन्यांहून जास्त मजुरी होती. दुखापत लहान होती असे ख्रिस्त म्हणत नाही. त्याच अध्यायाच्या १५ ते १७ या ओव्यांत पायऱ्या दिल्या आहेत: प्रथम एकांतात दोघांनी बोलायचे, नाही जमले तर एक-दोन साक्षीदार घेऊन, त्यानंतर मंडळीसमोर. प्रत्यक्षात बहुतेक जण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणजे थेट स्टेजवर, माईकसमोर. तिथे माणूस माफी मागत नाही, भूमिका मांडतो.

राजकीय हिंसेनंतर पूर्वीच्या शत्रूपाशी श्रद्धेची साक्ष देण्याचे सर्वांत वारंवार सांगितले जाणारे उदाहरण जपानचे. एप्रिल १९४२ मध्ये टोकियोवर पहिला हवाई हल्ला करणाऱ्या अमेरिकी पथकातला जेकब डीशेझर पकडला गेला. ४० महिने कैद, त्यातले बहुतेक एकांतवासात. कैदेत थोड्या आठवड्यांसाठी हाती आलेल्या पवित्र शास्त्राने त्याचे मन बदलले. १९४८ मध्ये तो मिशनरी म्हणून जपानला परतला. त्याची साक्ष छापलेले पत्रक टोकियोत मित्सुओ फुचिदाच्या हाती पडले. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात विमानांच्या पहिल्या लाटेचे नेतृत्व त्याने केले होते. लूक २३:३४ मधली क्रुसावरची क्षमेची प्रार्थना वाचून तो ख्रिस्ताकडे वळला आणि पुढे सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, झाला.

ही हकिगत सांगताना दोन गोष्टी हटकून गळतात. एक, तेव्हा जपानवर अमेरिकेचा ताबा होता, तो एप्रिल १९५२ पर्यंत राहिला. साक्ष देणारा विजेत्या राष्ट्राचा होता, आणि तरी त्याचे शब्द पोचले ते तो स्वतः त्यांच्या तुरुंगात राहिलेला होता म्हणून. दोन, फुचिदाच्या युद्धविषयक कथनातले काही दावे पुढे इतिहास संशोधकांनी खोडून काढले. त्याने त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. पण साक्षीत मांडलेल्या घटना कागदपत्रांशी ताडून घ्याव्या लागतात, कारण ऐकणाऱ्यांत दुसऱ्या बाजूची माणसे असतात आणि एक चुकीची तारीख सगळ्या साक्षीला बुडवते.

रवांडा याच्या उलट धडा देते. १९९४ च्या नरसंहाराच्या वेळी तिथे बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते, तरी चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्यांची चर्चमध्येच कत्तल झाली. न्यांगे इथला धर्मगुरू आतल्या माणसांसकट चर्च पाडण्यात दोषी ठरला आणि आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने अपिलात त्याला जन्मठेप दिली. नंतर गाव-पातळीवरच्या गचाचा न्यायालयांत कबुली दिल्यास शिक्षा कमी होई. त्यामुळे किती कबुली मनापासून आणि किती सवलतीसाठी, हा प्रश्न पीडितांच्या मनातून गेला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाने, ज्याचे अध्यक्ष आर्चबिशप डेझमंड टुटू होते, माफीसाठी पश्चात्तापाची अट घातलीच नाही. कृत्य राजकीय हेतूने झालेले असणे आणि संपूर्ण सत्य सांगणे या मुख्य अटी ठेवल्या. ७,११२ अर्जांपैकी ८४९ मंजूर झाले. पश्चात्ताप मोजता येत नाही, सत्य तपासता येते, हे शहाणपण त्यात होते.

आपल्या देशात ग्लॅडिस स्टेन्स यांचे उदाहरण समोर आहे. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर इथे त्यांचे पती ग्रॅहम आणि १० व ६ वर्षांची दोन मुले जीपमध्ये जाळली गेली. त्यांनी क्षमा जाहीर केली आणि त्या बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या सेवेत २००४ पर्यंत राहिल्या. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा त्यांची होती, शिक्षा कायद्याची. सीमाभागात हे वारंवार सांगावे लागते, कारण ‘क्षमा केली तर सीमेचा दावाही सोडला’ असे दोन्हीकडे समजले जाते. दगड मारणाऱ्याला क्षमा करणारा माणूस मतदान, अर्ज, सत्याग्रह आणि न्यायालयातला दावा तसाच चालू ठेवू शकतो.

नागालँडचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे, कारण तिथे एकमेकांना मारणारे गट एकाच श्रद्धेचे होते. २००८ मध्ये चर्चच्या पुढाकाराने समेट मंच उभा राहिला आणि १३ जून २००९ रोजी गटांच्या नेत्यांनी समेटाच्या करारावर सह्या केल्या. तिथे धर्मांतराचा प्रश्नच नव्हता. मराठी आणि कन्नड ख्रिस्ती माणसांमध्येही तो नाही. तेव्हा काम आपल्याच मंडळीत सुरू करावे.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यापाशी साक्ष देताना कायद्याची रेघ नीट माहीत हवी. संविधानाचे कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देते. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झाले ते २३ डिसेंबर २०२१ रोजी, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, म्हणजे पुतळ्यांचा वणवा पेटला त्याच आठवड्यात. २०२२ मध्ये कायदा झाला. धर्मांतर करणाऱ्याने आणि ते घडवणाऱ्यानेही ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे; जबरदस्ती, फसवणूक किंवा प्रलोभन असल्यास ३ ते ५ वर्षे कैद आणि २५,००० रुपये दंड; बाई, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असल्यास १० वर्षांपर्यंत. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घेण्याचे ठरवले. कायदा काहीही म्हणो, मदत आणि साक्ष एका दिवशी एका हाताने देऊ नये. दंगलीत दुकान जळालेल्याला पत्रे आणि सिमेंट द्यायचे तर त्या पिशवीत पत्रक घालू नये. घेणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय उरत नाही, आणि मग ती साक्ष राहत नाही. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला सांगितले आहे ते ‘विचारपूस करणार्‍या’ला, आणि तेही सौम्यतेने व भीडस्तपणाने.

बैठक घ्यायची तर काही गोष्टी अनुभवाने पक्क्या झाल्या आहेत. दोन्ही बाजूंचे मिळून ८ ते १२ लोक, त्याहून जास्त नकोत. जागा अशी की जिच्या पाटीवरून वाद झालेला नाही. कोणाचे तरी जेवणघर सभागृहापेक्षा बरे. मोबाइल दुसऱ्या खोलीत, कारण अर्ध्या मिनिटाची चित्रफीत बाहेर गेली की पुढची बैठक होत नाही. प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत बोलायचे. भाषांतर करणारे दोन हवेत: मराठीचे कन्नड कन्नडिगाने करावे आणि कन्नडचे मराठी मराठी माणसाने, म्हणजे दुसऱ्याचे दुःख प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागते. पहिल्या दोन बैठकांत फक्त घटना: कोणते साल, कोणता चौक, कोणाला काय झाले. ‘तुमच्या लोकांनी’ हा शब्द आला की थांबवून ‘कोणी’ असे विचारायचे. माफीचा शब्द तिसऱ्या बैठकीआधी आला तर तो स्वीकारण्याची घाई करू नये. भरपाई शक्य असेल तिथे तिचा आकडा ठरवावा. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करतो असे म्हटले होते, नुसते वाईट वाटते असे नाही. ज्याचे माणूस गेले त्या घराला ‘तुम्ही ख्रिस्ती आहात, क्षमा केलीच पाहिजे’ असे पाळकाने कधीही म्हणू नये. या एका वाक्याने वर्षांचे काम मोडते.

तारीखही विचार करून निवडावी. १७ जानेवारी, १ जून आणि १ नोव्हेंबर या दिवशी काहीही ठेवू नये. त्या दिवशी लोक आपल्या मृतांबरोबर असतात आणि त्यांना तिथेच असू द्यावे. ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह आपल्याकडे १८ ते २५ जानेवारी असतो, म्हणजे हुतात्मा दिनाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो. १८ तारखेच्या संध्याकाळी कॅथोलिक, मेथडिस्ट आणि इतर मंडळ्यांनी एकत्र यावे. प्रभूची प्रार्थना एकाच वेळी ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणावी, कोणीही दुसऱ्यासाठी थांबू नये. पाचव्या मागणीपाशी एका बाकावरून ‘ऋण’ ऐकू येईल आणि शेजारच्या बाकावरून ‘तप्पु’.