कॅन्सर आनुवंशिक आहे का? गाठीवरून अंदाज येतो, नक्की कळतं ते रक्तावरून

सॅम्पल द्यायला येणाऱ्या बऱ्याच जणी आम्हाला पहिलं हेच विचारतात, आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला म्हणजे मलाही होणार का? तर आधी हे लक्षात घ्या की 100 पेशंटमधल्या साधारण 5 ते 10 जणींचाच कॅन्सर आनुवंशिक असतो, बाकीच्यांच्या जीन्समधले बिघाड पुढे कधीतरी त्या गाठीतल्या पेशींमध्येच झालेले असतात, ते मुलांकडे जात नाहीत.

आनुवंशिकमध्ये मुख्य जीन्स दोन, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. तुटलेला डीएनए दुरुस्त करणं हे त्यांचं काम. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक जन्मापासूनच बिघडलेली असली आणि स्तनातल्या एखाद्या पेशीत दुसरीही गेली की दुरुस्ती बंद पडते आणि तिथून गाठ सुरू होऊ शकते.

आता तुमच्या बायोप्सीचा रिपोर्ट काढा. ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर हार्मोन पकडणारी प्रथिनं) आणि हर-२ (पेशींची वाढ करवणारं प्रथिन) या तिन्हीपुढे निगेटिव्ह लिहिलंय का? याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, बीआरसीए-१ वाल्या गाठी बऱ्याचदा अशाच असतात, त्यात सीके ५/६ (गाठीत तपासलं जाणारं आणखी एक प्रथिन) पण पॉझिटिव्ह येऊ शकतं. पण हा फक्त इशारा आहे बरं का, कारण आनुवंशिक नसलेल्या गाठीतही मिथायलेशनमुळे, म्हणजे जीनवर रासायनिक खूण बसून तो बंद झाल्यामुळे, बीआरसीए-१ गप्प बसतो आणि गाठ तशीच दिसते, आणि बीआरसीए-२ ची गाठ तर बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्ह, अगदी नेहमीच्या गाठीसारखी. म्हणून गाठीच्या ब्लॉकमध्ये (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड, सापडलं तरी रक्त तपासावंच लागतं, रक्तातही तेच असेल तर ते सहसा जन्मापासूनचं.

आमची कळकळीची विनंती, शक्य असेल तर ही रक्ताची टेस्ट आधी जिला कॅन्सर झालाय तिची करा. घरातलं म्युटेशन माहीत नसताना निरोगी मुलीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यावर निर्धास्त होता येत नाही, म्युटेशन माहीत असेल तर मात्र तेवढंच शोधायचं असतं आणि उत्तर स्पष्ट मिळतं. आई-वडिलांपैकी एकात म्युटेशन असेल तर मुलगा असो की मुलगी, ते येण्याची शक्यता 50 टक्के, आणि ते वडिलांकडूनही येतं, त्यामुळे आत्या, वडिलांची आई यांचे आजार पण सांगा.

रिपोर्टमध्ये कधीकधी व्हीयूएस येतं, म्हणजे बदल दिसला पण तो घातक आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही. नुसत्या व्हीयूएसवरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका, आधी जेनेटिक काउन्सेलरशी (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारे तज्ज्ञ) बोला.

येताना बायोप्सीचा रिपोर्ट आणि घरात कोणाला कितव्या वर्षी कॅन्सर झाला ते लिहून आणा, उपाशीपोटी यायची गरज नाही.